‘बोर्ड उडालाय’ म्हणणाऱ्या दुकानदारास खुलं पत्र

कॉम्प्युटर दुरुस्तीवाले साहेब,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे एक-दोघं प्रत्येक बाजारपेठेत बसलेले असतात, आणि पत्र वाचता वाचता तुम्ही स्वतःला ओळखालच. जूनच्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या ताई रिक्षात कॉम्प्युटर घालून तुमच्याकडे आल्या होत्या. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदत जवळ आली होती. तुम्ही मशीन चालू केलंत, काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, आणि खुर्चीतून न उठता तुम्ही निकाल दिलात: “बोर्ड उडालाय.”

कॅबिनेटचं झाकण उघडलं नाहीत. मीटर हातात घेतला नाहीत. पडद्यावरची अक्षरंही वाचली नाहीत. वाचली असती तर गंमत अशी की तिथे दुखणं स्पष्ट लिहिलेलं होतं: सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, प्रेस एफ१. मशीन स्वतःच्या तोंडाने सांगत होतं की माझ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्यात, सेल बघा. तुम्ही ज्या धंद्यात इतकी वर्षं आहात त्यात हा संदेश तुम्हाला कळत नसेल, तर तुम्ही दुकान उघडायलाच नको होतं. आणि कळत असूनही तुम्ही बोर्ड विकला असेल, तर ती सरळसरळ लूट आहे. यातलं कोणतं खरं, ते तुम्हीच ठरवा. तिसरा पर्याय मला दिसत नाही.

“हा बोर्ड आता येत नाही, अख्खा सेट बदलावा लागेल,” असं म्हणून तुम्ही बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमचे मिळून साडेआठ हजार रुपये घेतलेत. ताईंनी भिशीचे पैसे काढले. जो सेट तुम्ही ‘नवा’ म्हणून बसवलात तो एच६१ चिपसेटचा. हा चिपसेट इंटेलने २०११ साली आणला. काढून टाकलेला बोर्डसुद्धा एच६१चाच होता! म्हणजे जो बोर्ड ‘येत नाही’ त्याच पिढीचा बोर्ड तुमच्या कपाटात तयार होता.

जुना माल तुम्ही ठेवूनच घेणार होतात. ताईंनी हट्ट धरून तो खोक्यात भरून आणला, म्हणून पुढचं सगळं उजेडात आलं.

तो बोर्ड मी आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवला. खालच्या बाजूला नाण्याच्या आकाराचा चकचकीत सेल खोबणीत बसलेला होता. खोबणीच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक सेलच्या ‘+’ लिहिलेल्या बाजूला आणि काळं टोक दुसऱ्या बाजूला लावलं. आकडा आला १.२. हा सेल ३ व्होल्टचा असतो. नवा कोरा सेल सव्वातीनच्या आसपास दाखवतो, आणि पावणेतीनच्या खाली घसरला की तो बदलायचाच. १.२ म्हणजे सेल केव्हाच संपला होता.

कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून पन्नास रुपयांच्या आत नवा सेल आणला. तो बसवला, घरातला पॉवर सप्लाय आणि मॉनिटर जोडला आणि मशीन सुरू केलं. पुन्हा तोच संदेश आला, कारण पुसलेल्या सेटिंग्ज आपोआप परत येत नाहीत. एफ१ दाबून सेटअपमध्ये तारीख-वेळ घातली, बदल साठवले. प्रोसेसर दिसला, रॅम पूर्ण दिसली. माझ्याकडची एक डिस्क लावून मशीन संध्याकाळभर चालवलं. मग वायर भिंतीतून काढून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चालू केलं तेव्हा वेळ अचूक होती, संदेश नव्हता. बोर्ड ठणठणीत आहे.

हा सेल काय करतो हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, म्हणून मी इथे सगळ्यांसाठी सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीला चालू केल्यावर तारीख आणि वेळ हाताने टाइप करावी लागायची, कारण वीज गेली की तो सगळं विसरायचा. १९८४ साली पीसी-एटी आला, त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप होती आणि तिला बॅटरीचा आधार. त्या चिपमध्ये ६४ बाइटची इवलीशी स्मृती होती. घड्याळ त्यातच चालायचं आणि कोणती डिस्क आहे, मेमरी किती आहे याची नोंदही त्यातच राहायची. आज आकार बदलले, पण मांडणी तीच आहे. कॉम्प्युटर बंद असताना सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक स्फटिक घड्याळ चालवत राहतो आणि त्याला लागणारे काही मायक्रोअँपिअर हा सेल पुरवतो. म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

तो लवकर कधी संपतो, तेही ऐका. भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायसुद्धा बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. सेलवर भार पडत नाही. आपल्याकडे रात्री बटण बंद करायची पद्धत आहे, आणि विजा कडाडत असताना ती शहाणपणाचीच आहे. पण तेवढा वेळ सेल एकटा राबतो. ताई मे महिनाभर माहेरी गावाला होत्या, घरातलं मेन स्विच बंद होतं. आधीच थकलेला सेल त्या महिन्यात संपला. जूनमध्ये घरी येऊन बटण दाबलं तर मशीनच्या लेखी १ जानेवारी २०१२ उजाडली होती. शाळा-कॉलेजं उघडण्याच्या सुमारास असे कॉम्प्युटर घेऊन किती आईबाप तुमच्या पायरीवर येत असतील, आणि त्यातल्या किती जणांचा ‘बोर्ड’ तुम्ही उडवला असेल, याचा विचार करून माझ्या अंगाची आग होते.

घरी ताईंच्या मुलीने आधी एफ१ दाबून पाहिलं होतं. एकदा विंडोज सुरू झालं, पण अर्जाचं पोर्टल उघडेना. ब्राउझर सांगत होता की घड्याळ मागे आहे. तो खरंच बोलत होता. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीन २०१२ मध्ये अडकलेलं असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि ते दार लावून घेतं. पोरीने तारीख दुरुस्त केली, अर्ध्या अर्जापर्यंत गेली, वीज गेली, पुन्हा २०१२. त्यानंतर सेटअपमध्ये काहीतरी चाचपडताना डिस्कचा मोड बदलला आणि निळा पडदा येऊ लागला. बऱ्याच जुन्या बोर्डांवर सेटिंग्ज पुसल्या की हा मोड आपोआपही एएचसीआयवरून आयडीईवर जातो. विंडोज एका मोडमध्ये टाकलेलं आणि बोर्ड दुसऱ्यावर, म्हणजे निळा पडदा ठरलेला. सेटअपमध्ये जाऊन तो एक शब्द बदलला की विंडोज पूर्वीसारखं उभं राहतं.

तुम्ही मात्र निळा पडदा बघून म्हणालात, “डिस्कपण करप्ट आहे,” आणि फॉरमॅट मारलात. न विचारता. उत्पन्नाच्या दाखल्याचं, जातीच्या दाखल्याचं स्कॅनिंग गेलं, ते पुन्हा करता येईल. ताईंच्या वडिलांचे फोटो होते त्या डिस्कवर, त्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती. साडेआठ हजार मोजून घेताना तुम्ही याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. पैशांची भरपाई होईल एक वेळ. या गोष्टीची कशी करणार?

टॉर्च लागत नाही म्हणून टॉर्च फेकून नवा विकणारा दुकानदार गावाने उभा केला नसता. तुमच्या कॅबिनेटच्या झाकणाआड काय आहे ते लोकांना दिसत नाही, एवढ्यावर तुमचं चाललंय.

म्हणून आता थोडं तुम्हाला बाजूला ठेवून वाचकांशी बोलतो. तुम्हीही ऐका, उपयोग होईल.

डेस्कटॉपची तारीख-वेळ मशीन बंद करून, वायर काढून ठेवल्यावर चुकत असेल तर पहिला संशय सेलवर घ्यायचा. वेळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर सेलला हात लावू नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं: लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ, आणि आपल्यात आणि जागतिक वेळेत साडेपाच तासांचं अंतर आहे. तो सेटिंगचा प्रश्न आहे. पण २०१२, २०१५ अशी कुठली तरी जुनी १ जानेवारी दिसली, किंवा दर वेळी एफ१ मागायला लागलं, तर सेल बदला.

दुकानात ‘सीमॉस सेल’ म्हणून मागितला तरी कळतं, पण सेलवर सीआर२०३२ हेच अक्षर-आकडे आहेत ना ते बघून घ्या. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ पातळ असतो, खोबणीत सैल बसतो. एलआयआर२०३२ हा रिचार्जेबल, जास्त व्होल्टचा, तो इथे चालत नाही. बदलताना वायर भिंतीतून पूर्ण काढायची, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची. ‘+’ची बाजू वर. जमलं तर आधी सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डिस्कच्या मोडचा तर नक्की. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, कारण सेटिंग्ज बदलल्या की तो ती मागू शकतो. काम पाच-दहा मिनिटांचं आहे.

नव्या बोर्डांवर बऱ्याच सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्ये राहतात, त्यामुळे सेल संपल्यावर फक्त घड्याळ चुकतं. काही लॅपटॉपमध्ये हाच सेल काळ्या वेष्टनात, दोन तारांच्या जोडणीसह असतो, तर काहींत तो नसतोच. फार जुन्या ३८६-४८६ बोर्डांवर मात्र निकेल-कॅडमियमची पिंपासारखी निळी बॅटरी डाग देऊन बसवलेली असे. ती फुटून तिच्यातलं अल्कली बोर्डावर पसरायचं आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकायचं. त्या काळी बॅटरीमुळे बोर्ड खरोखर जायचे. ते दिवस गेले, साहेब. आज कोरडा सेल बोर्ड मारत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि इथे माझा राग पैशांचा नाही. संपलेले सेल तुमच्या काउंटरवर, स्टूलाखाली, पायरीवर पडलेले मी पाहिले आहेत. घड्याळ चालवायला निकामी झालेल्या सेलमध्येही लहान मुलाच्या अन्ननलिकेला भाजून काढण्याइतकी ताकद उरलेली असते. २० मिलिमीटरचा लिथियम सेल घशात अडकला तर दोन तासांत आत गंभीर जखम होऊ शकते. मूल वेळेत बोलत नाही, खोकतं, लाळ गाळतं, खात नाही आणि घरचे सर्दी समजतात. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांबरोबर पोरं येतात. तो डबा आज ठेवा.

लॅपटॉपच्या बाबतीतही तुमची हीच तऱ्हा. टचपॅड क्लिक होईनासा झाला, एका बाजूने वर आला, झाकण नीट बसेना, की तुम्ही टचपॅड बदलायचे पैसे सांगता. बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते आणि ती फुगून त्याला वर ढकलत असते. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी म्हणजे आत वायू साठलेला. ती टोचली, दाबली, वाकवली तर पेट घेऊ शकते. तो लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, चालवायचा नाही, बॅटरी काढून घेईपर्यंत बंद ठेवायचा. यावर टचपॅड विकणं म्हणजे एखाद्याच्या घरात आग लावण्याची तयारी करून देणं आहे. बॅटरी किती उरली आहे हे कळायला अंदाज लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत लिहिलं की एक फाइल तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी थकली, लॅपटॉप थकलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते कारण पुढे करून थकलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपला तुम्ही म्हातारा ठरवता, तेही बंद करा.

यूपीएसबद्दल फार लिहीत नाही. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. वीज गेल्यावर तो लगेच मान टाकायला लागला की बहुतेक वेळा ती एकटीच संपलेली असते. ती बदलता येते, आणि जुनीतल्या शिशाला भाव असतो. तुम्ही नवा यूपीएस विकता आणि जुनी बॅटरी भंगारात स्वतः विकता. घेणाऱ्याला तो भाव वजा करून मिळायला हवा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या साखळीत पहिला माणूस तुमच्यासारखा दुकानदारच असतो. सेल केराच्या टोपलीत जाता कामा नये.

दुरुस्तीच्या धंद्याबद्दल मला आदर आहे, तो तुमच्यामुळे कमी होऊ देणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत भिंगाखाली डाग देत बसणारी माणसं आहेत. शंभर-दोनशे रुपये घेऊन, बिघडलेला भाग हातात ठेवून, “हा गेला होता, बाकी चांगलं आहे,” असं सांगणारी. अशा माणसामुळे एखाद्या घरातलं दहा वर्षांचं मशीन आणखी पाच वर्षं चालतं आणि मुलांचा अभ्यास थांबत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. युरोपियन संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशा असाव्या लागणार आहेत. जग त्या दिशेने चाललंय. तुम्ही एका उघड्या खोबणीतला, बोटाने निघणारा सेलसुद्धा बदलून देत नाही.

आता मागण्या सांगतो. ताईंना तुम्ही दिलेली चिठ्ठी बिल नाही, तिच्यावर ना दुकानाचं नाव ना मालाचा तपशील. त्यांना पक्कं बिल द्या. तुम्ही बसवलेला सेट परत न्या, साडेआठ हजार परत करा, जुना बोर्ड आम्ही बसवून घेऊ. फॉरमॅट केलेल्या डिस्कवर पुढे काही लिहू नका असं मी ताईंना सांगितलं आहे. त्यातले फोटो परत मिळवण्याचा जो खर्च येईल तो तुम्ही द्या. आठ दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार जाईल, आणि तिथे निभावलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात. सेल, बोर्ड आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो जपून ठेवला आहे.

आणि वाचकांनो, कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकाल तेव्हा तीन गोष्टी तोंडाने मागून घ्या: मीटरवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी, काढलेला जुना भाग स्वतःच्या हातात, आणि फॉरमॅट करण्याआधी तुमची परवानगी. यातल्या एकालाही दुकानदार नाही म्हणाला तर मशीन उचला आणि पुढच्या दुकानात जा.